पेटीवरून पियानोवर: नऊ महिन्यांच्या नोंदी

गावच्या भजनी मंडळात 26 वर्षं पेटी वाजवतोय. राहतो सावंतवाडीला, नोकरी पतपेढीत, वय 47. पियानो शिकायचं ठरवलं तेव्हा पेटीवाल्याच्या उपयोगाचं लिहिलेलं काहीच हाती लागलं नाही. जे मिळालं ते एकतर शाळकरी मुलांसाठी होतं, नाहीतर सूर म्हणजे काय इथपासून सुरुवात करणारं. पेटीवाल्याला सूर कळतात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पाठ असतात. त्याचं अडतं ते भलतीकडेच. कुठे अडलं, किती दिवस गेले, किती पैसे गेले ते इथे तारीखवार लिहून ठेवतोय. थिअरी हाताला लागली तेवढीच आहे.

8 जून 2024, शनिवार

पहिला तास. शिकवणाऱ्या बाई म्हापशाजवळच्या, सत्तरी ओलांडलेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणतात. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेजो (सुरांची नावं घेत गाऊन कागद वाचायची तालीम), मग व्हायोलिन, मग पियानो, अशी त्यांची जुनी गोव्याची तालीम. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात एके काळी गोव्याचे एवढे वादक का होते, याचं बरंचसं उत्तर त्या शाळांमध्ये आहे. कागदावरचे सूर बघून वाजवता येणारी माणसं तिथे तयार होत होती. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, दोघेही गोव्याच्याच मातीतले.

टीचरनी आधी काहीच शिकवलं नाही. "पेटीवर वाजवता तसं वाजवा," म्हणाल्या. एक अभंग वाजवला. त्यांनी माझ्या वहीत दोन ओळी लिहून दिल्या: डावा हात मांडीवर पडून आहे. उजवा अंगठा पट्टीला लागतच नाही. पुढचे नऊ महिने या दोन ओळींतच गेले.

वाद्याबद्दल: मे महिन्यात घाईघाईने 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला होता, 9,800 रुपयांना. हलक्या पट्ट्या, जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. टीचरच्या घरच्या उभ्या पियानोवर बसलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत कळलं की या कीबोर्डवर केलेला सराव इथे कामाचा नाही. पियानोची पट्टी जड असते, आत हातोडी असते, तुम्ही किती वेगाने पट्टी खाली नेता त्यावर आवाज ठरतो. पेटीत आवाज भात्यावर असतो, पट्टी फक्त हवेची वाट मोकळी करते. ज्याला पियानो शिकायचाय त्याने वजनदार पट्ट्यांचाच घ्यावा, पैसे नसतील तर थांबावं.

15 जून

कीबोर्ड 6,000 ला विकला, म्हणजे 3,800 गेले. 88 वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो 42,500 ला घेतला. त्याखाली फुलीच्या आकाराचा घडीचा स्टँड 1,800 चा. बसायला घरातली प्लॅस्टिकची खुर्ची. शेवटच्या दोन्ही गोष्टी चुकल्या, ते ऑगस्टमध्ये कळलं.

या आठवड्याची चूक आधी सांगतो. पुस्तकात बोटांना आकडे दिलेले असतात, 1 ते 5. आमच्याकडे पहिलं बोट म्हणजे तर्जनी. मी सात दिवस 1 म्हणजे तर्जनी, 2 म्हणजे मधलं असं धरून वाजवलं, आणि 5 आला की बोट सापडेना म्हणून करंगळीच दोनदा वापरली. पियानोत 1 म्हणजे अंगठा, 5 म्हणजे करंगळी, दोन्ही हातांना तसंच. सात दिवस वाया. त्याहून वाईट म्हणजे चुकीचं हाताला बसलेलं काढायला आणखी दहा दिवस लागले.

6 जुलै

महिनाभर वाचन जमत नव्हतं, त्याचं कारण आज सापडलं.

टीचर सूर म्हणतात ते दो, रे, मी, फा, सोल, ला, सी असे. पोर्तुगीज वळणाचं सोल्फेजो. त्यात 'दो' जागचा हलत नाही, तो कायम पांढरी एक (पेटीवाले पट्ट्या अशा रंगाने आणि आकड्याने ओळखतात). त्यांचा 'रे' कायम पांढरी दोन. माझा 'रे' मात्र सा कुठे धरला त्यावर ठरतो. बुवांनी काळी चार सांगितली की सा तिथे, रे त्याच्या पुढे. त्या "रे" म्हणायच्या आणि माझं बोट सवयीने त्या रचनेच्या सा-पासूनच्या दुसऱ्या सुरावर जायचं.

यात आणखी एक गाठ होती. त्यांचा 'सी' म्हणजे पांढरी सात. इंग्रजी अक्षरांनी बोललं की 'सी' म्हणजे पांढरी एक. मी वहीत देवनागरीत 'सी' लिहिलेलं, तेव्हा कुठल्या अर्थाने लिहिलं ते माझं मलाच आठवेना. पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदींत निम्म्या ठिकाणी हा घोळ निघाला.

शिवाय मी प्रत्येक सुराखाली पेन्सिलने सरगम लिहून ठेवत होतो. डोळे सरगमीवर, ज्या पाच रेघांवर सूर लिहिलेले असतात त्यांच्याकडे लक्षच नाही. पुस्तक पुढे सरकलं की पाटी कोरी. टीचरनी आज खोडरबर घेतलं आणि सहा पानं स्वतः बसून खोडली. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं.

आता ठरवलंय ते असं. कागद वाचताना सूर ओळखायचा तो थेट पट्टीच्या नावाने: पांढरी चार, काळी तीन. ही नावं 26 वर्षं तोंडात आहेत आणि ती जागची हलत नाहीत. सरगम फक्त कानासाठी, म्हणजे हा सूर या रचनेत कोण आहे हे समजायला. टीचर दो-रे-मी म्हणतील तेव्हा मी ऐकायचं, लिहायचं नाही. पेटीवाल्यांनो, तुमच्याजवळ हलत्या सा चं ज्ञान आहे आणि स्थिर पट्टीचंही आहे. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका, एवढंच पथ्य.

वरच्या पाच रेघांपेक्षा खालच्या पाच रेघा, म्हणजे डाव्या हाताच्या, फार जड जातायत. रोज सकाळी ऑफिसच्या आधी 10 मिनिटं फक्त खालच्या रेघा वाचतो. न वाजवता, नुसतं बोट ठेवून "पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी दोन" असं तोंडाने.

20 जुलै

अंगठा.

सात सुरांना पाच बोटं पुरत नाहीत म्हणून मध्येच अंगठा हाताखालून पुढे घ्यावा लागतो. सा रे ग झाले, तिसरं बोट ग वर आहे, अंगठा खालून म वर. पेटीवर मी ही अडचण बोटं सरकवून, उडी मारून भागवत आलो. भात्याची हवा चालू असते, बोट उचललं तरी सूर फारसा तुटल्यासारखा वाटत नाही. पियानोवर ती उडी स्पष्ट ऐकू येते.

डिजिटल पियानो वायरने लॅपटॉपला जोडला. फुकटच्या एका प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आघाताचा जोर 1 ते 127 आकड्यांत दिसतो. माझे आकडे: सा 61, रे 64, ग 58, म 97. अंगठा खाली जाताना कोपर वर जात होतं आणि सगळा हात म वर आदळत होता. त्याच सप्तकात चौथं बोट 41 वर. कानाला मला हे "थोडं वरखाली" वाटत होतं, आकडे बघून धक्का बसला.

उपाय टीचरनी सांगितला. तिसरं बोट वाजेपर्यंत अंगठ्याने वाट बघायची नाही. दुसरं बोट वाजलं की अंगठा निघालेला असला पाहिजे. आणि आख्खं सप्तक बंद. फक्त ग-म-ग, ग-म-ग, बोटं 3-1-3, दिवसाला 15 मिनिटं.

त्यांनी दुसरं एक केलं ते मला फार आवडलं. पांढऱ्या एकवरून, म्हणजे सी मेजरवरून मला उठवलं आणि बी मेजर दिला, म्हणजे सा पांढरी सातवर. पाच काळ्या, दोनच पांढऱ्या. जुने नामवंत पियानोवादक-संगीतकार शोपँ विद्यार्थ्यांचा हात आधी पांढरी तीन, मग तीन काळ्या, मग पांढरी सात असा ठेवायला लावायचे, कारण लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर असे आपसूक बसतात. बी मेजरमध्ये उजव्या हाताची बोटं 1-2-3-1-2-3-4-5. अंगठा ज्या पांढरीवर जातो तिच्या आधी बोट उंच काळीवर असतं, त्यामुळे खाली जागा मोकळी मिळते. काळ्या पट्ट्यांची आपल्याला भीती नाहीच. पेटीवाल्याने सी मेजरपासून सुरुवात करू नये असं माझं आता ठाम मत आहे. सोपं वाचायला सी मेजर, हाताला बी मेजर.

3 ऑगस्ट

मंगळवारपासून उजव्या हाताच्या कोपराखाली दुखतंय. बुधवारी पतपेढीत पेन धरवेना. गुरुवारी फिजिओथेरपिस्टकडे. एकूण तीन वेळा जावं लागेल, प्रत्येकी 400. नऊ दिवस वाजवणं बंद.

आजचा तास वाजवण्याचा नाही, बघण्याचा झाला. दुखण्याची तीन कारणं निघाली.

पहिलं, मी पट्टी तळाला गेल्यावरही दाबत राहतो. पेटीवर अर्धवट दाबलेल्या पट्टीतून सूर नीट येत नाही, म्हणून दाबून धरायची सवय. पियानोत हातोडी तारेला लागून परत फिरली की तुमच्या दाबण्याचा आवाजाशी काहीही संबंध उरत नाही. तो सगळा जोर आपल्याच हातात जिरतो. परीक्षा अशी: एक पट्टी वाजवून धरून ठेवा आणि मनगट वरखाली हलवून बघा. सहज हललं तर ठीक. माझं लाकडासारखं होतं.

दुसरं, प्लॅस्टिकची खुर्ची फार खाली. कोपर पट्ट्यांच्या पातळीच्या चार बोटं खाली, त्यामुळे मनगट वाकडं करून चढायला लागत होतं.

तिसरं मीच सांगितलं. घरचा फुलीचा स्टँड हलतो. जोरात वाजवलं की पियानो डोलतो आणि हात नकळत त्याला सावरायला आवळतो.

उंची बदलता येणारं बाक 2,900. चार पायांचा, टेबलासारखा स्टँड 3,600. जुना स्टँड कोणी घेईना, माळ्यावर पडलाय. हे आधीच घेतलं असतं तर 1,800 आणि 1,200 वाचले असते, नऊ दिवस वेगळे.

12 ऑगस्ट

हात बरा. दिवसाला 20 मिनिटांवर आलोय, दोन भागांत. पावसामुळे संध्याकाळी वीज जाते, डिजिटल पियानो मुका. चार दिवस जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताची बोटं वाजवली. आवाज नसल्यामुळे बोट उचलणं आणि टेकणं दोन्ही नीट दिसतं. वीज असली तरी आता रोज पाच मिनिटं हे करतो.

टीचरच्या पियानोच्या पट्ट्या पावसात फुगून अडकतात. आत खालच्या बाजूला त्यांनी एक बारीक बल्ब कायम लावून ठेवलाय, ऊब राहावी म्हणून. आपण पेटी गोधडीत गुंडाळतो, तसंच.

24 ऑगस्ट

पहिली खरी रचना दिली, जी मेजरमधला मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांची जुनी युरोपियन नाचाची चाल. जर्मन संगीतकार बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या 1725 च्या वहीत ती आहे. पुष्कळ वर्षं ती बाखचीच म्हणून वाजवली गेली. मुळात ती क्रिस्टियान पेट्झोल्डची, हे 1970 च्या दशकात पुढे आलं. 32 बार (कागदावर उभ्या रेघांनी पाडलेली आवर्तनं), प्रत्येक बारात तीन मात्रा. सा पांढरी पाचवर.

उजव्या हाताची सुरुवात मी सरगमीत म्हटली: प सारेगम, प सा सा. टीचरनी त्यांच्या भाषेत म्हटली: रे सोल-ला-सी-दो, रे सोल सोल. दोघांनी एकत्र म्हटलं, सूर एकच लागला. जुलैतला घोळ त्या क्षणी मनातून गेला. पुढचे दोन बार: ध मपधनी, सां सा सा. उजवा हात आठवड्यात आला, कारण चाल कानाला सरळ आहे. बोटं 5, मग 1-2-3-4, मग 5-1-1.

डावा हात सुरूच झालेला नाही.

7 ते 17 सप्टेंबर

गणपती. अकरा दिवस घरोघर भजनं. रात्री दोन-अडीचपर्यंत पेटी. पियानोला हात नाही. दोन शनिवार बुडाले आणि त्याचं वाईट वाटत नाही, वर्षभर याचीच वाट बघतो.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. पाचव्या दिवशी आरतीनंतर अभंग चालू असताना माझा अंगठा पेटीवर आपणहून खालून गेला. आमच्या पखवाजवाल्याने वळून बघितलं. सूर तुटला नव्हता.

21 सप्टेंबर

अकरा दिवसांच्या खंडाची किंमत: उजवा हात तसाच, वाचन बरंच मागे. खालच्या रेघा पुन्हा पहिल्यापासून. ज्यांना असा खंड पडणार असेल त्यांनी निदान वाचनाची दहा मिनिटं सोडू नयेत. त्याला वाद्य लागत नाही.

19 ऑक्टोबर

डावा हात. ही नोंद मोठी आहे.

26 वर्षं माझ्या डाव्या हाताने भाता ओढला. त्याला लय कळते, जोर कळतो, दम कळतो, पण त्याची बोटं वेगळी वेगळी कधी चाललीच नव्हती. चौथं बोट हललं की पाचवं सोबत जातं. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं, की उजवा हात वाजायला लागला की डावा हात आपोआप भात्याच्या चालीने हलायला लागतो. दम घेतल्यासारखा, उजव्या हाताच्या ओळीच्या सुरुवातीला पुढे. डाव्या हाताचा सूर पहिल्या मात्रेवर पाहिजे, तर तो अर्धी मात्रा आधी पडायचा.

काय करून फसलं ते आधी.

दोन्ही हात एकत्र, अगदी हळू, असं तीन आठवडे केलं. दर वेळी पाचव्या-सहाव्या बारात गाडी घसरली. हळू वाजवल्याने चूक दिसते, जात नाही.

मग डावा हात एकटा शंभर वेळा. एकटा उत्तम आला. उजवा जोडला की पहिल्यासारखंच.

मग डाव्या हाताच्या मनगटाला रुमाल बांधून टेबलाला अडकवला, भात्याची चाल बंद व्हावी म्हणून. दोन दिवस केलं. टीचर रागावल्या, पुन्हा दुखणं ओढवून घ्यायचंय का म्हणाल्या. करू नका.

जमलं ते असं. उजवा हात मांडीवर ठेवला. डाव्या हाताने डाव्याचेच सूर वाजवले आणि उजव्या हाताची ओळ तोंडाने गायली. प सारेगम, प सा सा. डावा पहिल्या बारात सा-ग-प एकत्र, मग रे. दुसऱ्या बारात नुसता ग, तीन मात्रा धरून. तिसऱ्यात म, चौथ्यात पुन्हा ग. भजनी माणसाला गाताना हात वेगळं काहीतरी करतो याची सवय असते. गाणं चालू असलं की डावा हात उजव्या हाताच्या तावडीतून सुटतो. पहिल्याच दिवशी आठ बार न घसरता झाले. मी उठून घरात दोन चकरा मारल्या, इतका आनंद झाला.

त्यानंतर उलट: उजवा वाजवायचा, डाव्याची ओळ गायची. हे जास्त कठीण, पण याने डाव्याचे सूर कानात पक्के बसले. मग एकदा गाऊन, एकदा दोन्ही हातांनी, असं बार-बार पालटत. दहा दिवसांत पहिले 16 बार एकत्र.

टीचरना गाऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, सोल्फेजो यासाठीच असतं. चर्चच्या शाळेत त्यांना वाद्य हातात मिळण्याआधी गाऊनच शिकवलं होतं. मी चार महिने ज्याला भाषेची अडचण समजत होतो ते हत्यार होतं.

9 नोव्हेंबर

दिवाळीचा एक शनिवार बुडाला. फोनवर रेकॉर्डिंग केलं. 32 बार म्हणजे 96 मात्रा. मिनिटाला 80 ठोक्यांनी, कुठलाही भाग परत न घेता वाजवलं तर 72 सेकंद लागायला हवेत. माझं 61 सेकंदांत संपलं. म्हणजे सरासरी 94.

भजनात लय चढत जाते, गजराला तर चढलीच पाहिजे. रक्तात आहे ते. इथे ते दोष ठरतं. मेट्रोनोम लावून वाजवलं तर मी त्याला मागे टाकून जातो आणि मला वाटतं यंत्र बिघडलंय. टीचर एकच शब्द म्हणतात, "सवकास."

उपाय: मेट्रोनोम प्रत्येक मात्रेला नको, बाराला एकच ठोका. सम म्हणून धरायचा. मधल्या दोन मात्रा माझ्या, पण समेवर त्याच्याबरोबर यायचं. तालाची शिस्त आपल्याकडे अशीच असते, म्हणून हे लगेच रुचलं. मात्रामात्राला टिकटिक करणारं यंत्र मला शत्रू वाटत होतं.

23 नोव्हेंबर

20 व्या बारात एक परका सूर येतो, काळी एक. सा पांढरी पाच असताना तो तीव्र म. मला वाटलं छपाईची चूक. शुद्ध म वाजवत होतो, कानाला खटकत होतं तरी वाजवत होतो.

यातून आज पंचमांच्या वर्तुळाची (सर्कल ऑफ फिफ्थ्स) थिअरी झाली, आणि ती मला षड्ज-पंचमातून कळली. सा सोडून प ला नवा सा माना. सगळे सूर तेच राहतात, फक्त जुना शुद्ध म आता नव्या सा च्या घरात कोमल नी होतो. तो तीव्र केला की नव्या सा चा शुद्ध नी मिळतो. पांढरी एक सा असेल तर एकही काळी नाही. पांढरी पाचवर गेलात तर पांढरी चारची काळी तीन झाली, एक शार्प (चढवलेला सूर). तिथून पांढरी दोनवर गेलात तर पांढरी एकची काळी एक झाली, दोन शार्प. दर पंचमाला एक शार्प वाढतो आणि शेवटी लिहिलेला शार्प हा कायम नव्या सा चा नी. उलट्या दिशेला, म ला सा मानत गेलात तर दर वेळी एक फ्लॅट (उतरवलेला सूर), आणि शेवटचा फ्लॅट कायम म. दोन ओळींत सगळ्या पट्ट्यांचं कोडं सुटलं. पुस्तकात याला पाठ करायची कविता दिली होती, मी ती चार आठवडे घोकत होतो.

म्हणजे 20 व्या बारात रचना थोड्या वेळापुरती पांढरी दोनला सा मानते. तो तीव्र म तिथला नी आहे. कळल्यावर पुन्हा कधी चुकला नाही.

14 डिसेंबर

टीचर नाताळच्या कॉयरमध्ये गुंतलेल्या, तीन शनिवार सुट्टी. स्वतःच्या डोक्याने एक केलं आणि फसलं. भैरवीतल्या एका अभंगाला डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन सूर) द्यायचा प्रयत्न. सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे ही तीन घरं शिकलो होतो. भैरवीत ग, ध, नी, रे कोमल. सा आणि म चे कॉर्ड उदास पण सुरेल लागले. प चा लावला तर प, कोमल नी, कोमल रे, आतून फाटल्यासारखा आवाज. शुद्ध नी आणि शुद्ध रे घेऊन तो गोड केला तर भैरवीच गेली. दोन आठवडे हट्टाने वेगवेगळ्या जोड्या लावल्या. शेवटी डाव्या हाताने नुसते सा आणि प धरले, तंबोऱ्यासारखे, आणि अभंग परत अभंग झाला. कुठे कॉर्ड घालायचा नाही हे कळायला दोन आठवडे लागले, पण कळलं ते बरं झालं.

11 जानेवारी 2025

पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायची कळ. नवा कॉर्ड आणि पेडल एकदम दाबत होतो, त्यामुळे आधीचा आवाज नव्यात मिसळून गढूळ. पाय उचलायचा तो नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी, आणि लगेच परत दाबायचा. हात खाली, पाय वर. तीन दिवसांत आलं. मिन्युएटला पेडल लागत नाही, तिथे दाबू नका.

8 फेब्रुवारी

जोराचे आकडे पुन्हा घेतले. बी मेजर, दोन सप्तकं: सगळ्यात कमी 55, सगळ्यात जास्त 71. चौथं बोट अजून खालीच असतं. डाव्या हाताचे 38 ते 80, तिथे काम बाकी आहे.

8 मार्च

टीचरच्या घरी विद्यार्थ्यांचं वाजवणं झालं. बारा जण, दहा शाळकरी, एक कॉलेजातली मुलगी, एक मी. मिन्युएट परत न घेता 74 सेकंद. 26 व्या बारात डावा हात अडखळला, मनात ओळ गात होतो म्हणून थांबलो नाही, 27 व्या बाराच्या समेवर आलो. टीचरच्या शेजारच्या आजी पुढे बसल्या होत्या, त्या शेवटपर्यंत गुडघ्यावर तीन-तीन मोजत होत्या.

हिशेब, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी. कीबोर्डात बुडाले 3,800. डिजिटल पियानो 42,500. दोन स्टँड 5,400. बाक 2,900. पुस्तकं 650. तास 31, प्रत्येकी 700, म्हणजे 21,700. बसभाडं जाऊन-येऊन 180 प्रमाणे 5,580. फिजिओ 1,200. एकूण 83,730. त्यातले चुकांपायी गेलेले 6,800. सराव रोजचा सरासरी 40 मिनिटं, दुखण्यानंतर कधीही सलग 25 च्या वर नाही.

उद्यापासून बी फ्लॅट मेजर, उजव्या हाताची सुरुवात चौथ्या बोटाने, अंगठा पांढरी एकवर. आकडे परत घेईन तेव्हा डावा हात आधी.